पगाराची बांधी

पळसाची दोन पानं सपरीत, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, मांडून झाली, तेव्हा स्वयंपाकघरातल्या तिन्ही बायकांचे हात थांबले.

धनीरामच्या घराण्यात वाटणी तलाठ्याच्या कागदावर चढायची ती मागाहून. आधी ती पळसाच्या पानावर व्हायची. धानाच्या ज्या बांध्या, म्हणजे कडेनं बांध घातलेले शेताचे तुकडे, एका वाट्यात जायच्या, त्या प्रत्येक बांधीतलं एकेक ढेकूळ आणून पानावर ठेवायचं. थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचं. असा रिवाज असला की वाटे पाडणारा आपोआप सरळ वागतो.

एका पानावर तीन ढेकळं होती. बोडीखालच्या, म्हणजे छोट्या तळ्याखालच्या, बांधीचं काळं, अजून ओलसर. मधल्या बांधीचं भुरकट. वरच्या बांधीचं तांबडं, मुरमाड, हात लावताच भुगा होणारं. घराची शेती तेवढीच. दुसऱ्या पानावर ढेकूळच नव्हतं. तिथे नारळाएवढा एक काळा, जड, चमकता दगड होता. थोरल्या मुलानं, इश्वरनं, चिखल्याच्या खाणीवरून आणलेला मँगनीजचा दगड. दोन वर्षं तो धनीरामच्या बायकोच्या, मंदाबाईच्या, लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून बसला होता. आज सकाळी धनीरामनं स्वतःच्या हातानं तो धुतला होता.

"हे काय होय गा, धनीराम?" लक्ष्मणरावांनी विचारलं. ते धनीरामचे चुलतभाऊ, सानगडीहून खास वाटणीसाठी आलेले.

"पगार," धनीराम म्हणाला. "थोरल्याचा पगार. ते बी एक बांधीच होय. अन कशी बांधी? पाणी नको, शेणखत नको, ना खोडकिडा ना करपा. दर महिन्याले पिकते. म्या इचार केला, इश्वरले ते पान, लहान्या जागेश्वरले हे पान. तिन्ही बांध्या जागेश्वरले. हाये का कोनावर अन्याव?"

लक्ष्मणरावांनी पान चघळत विचार केला आणि मान डोलावली. "नाई. अन्याव त नाई. उलट थोरल्याकडेच माप झुकलं."

इश्वर खाली मान घालून बसला होता. तो नाही म्हणाला नाही.

थोरली सून विमला दाराआडून हे ऐकत होती. तिच्या हाताला वड्याचं पीठ लागलं होतं. इश्वरचं लग्न पवनीच्या विणकराच्या मुलीशी झालं, त्याला आता सहा वर्षं होत आली होती. जातीबाहेरच्या त्या लग्नापायी या घरात काय काय झालं, ते आसगावात कोणी विसरलं नव्हतं. मंदाबाई अजून रागावली की तिला 'कोष्टीण' म्हणायची. खुशीत असली की 'इश्वरची बायको'. नावानं हाक मारायची वेळ आली नव्हती.

"पाहा वो आत्याबाई," धाकटी सून रुखमा कढईत वडा सोडत सासूला म्हणाली, "पाहा. पगार गेला त्यायले, अन चिखल आमाले."

मंदाबाई हसली. "अवो, तीन बांध्या भेटल्या तुले. बोडीखालची सुद्धा."

"भेटल्या न. पाणी नाई पडलं त काय रोवू त्याच्यात? माया बापाच्या घरी तेच पाह्यलं मी. आभायाकडे पाहून पाहून माय बुढी झाली. जाऊबाईले काय? एक तारीख आली का नवरा नोटा घेऊन दारात. ऊन असो का पाऊस." तिनं झारा कढईच्या काठावर आपटला. "मले इचारलं असतं त म्या तो गोटाच घेतला असता."

"तुले कोन इचारते?" मंदाबाई म्हणाली.

रुखमाचं माहेर सानगडीकडचं. बाप दुसऱ्याचं वावर अधिलीनं करायचा. पीक आलं तर निम्मं, बुडालं तर सगळं. पगार या शब्दात तिला काय दिसत होतं, ते विमलाला कळत होतं. आपल्याला त्याच शब्दात दुसरं काही दिसतं, हे मात्र तिला या घरात कोणाला सांगता आलं नव्हतं.

विमलाचा बाप चंद्रभान पवनीत मागावर बसायचा. हात चालले तोवर घर चाललं. धोटा इकडून तिकडे गेला की घरात भाकर. धोटा थांबला की चूल थांबली. लोक त्याच्या लुगड्याचे काठ पाहून म्हणायचे, चंद्रभानच्या हातात लक्ष्मी आहे. मग त्याच्या उजव्या हाताला कंप सुटला. तुटलेला धागा सांधता येईना. माग होता तिथेच होता, सूत होतं, शेठही होता. लक्ष्मी तेवढी एका पावसाळ्यात गेली. तेव्हापासून विमलाच्या लेखी हातावरची कमाई हाताबरोबर जाते. ती मजुरी म्हणून येवो की पगार म्हणून, तिला फरक वाटत नव्हता.

आणि तिला आणखी एक गोष्ट ठाऊक होती, जी आसगावात कोणालाच ठाऊक नव्हती.

इश्वर खाणीच्या कंपनीत नोकरीला नव्हता. तो चिखल्याला ट्रक चालवायचा हे खरं, ट्रक खाणीतला माल वाहायचा हेही खरं. पण ट्रक एका ठेकेदाराचा होता. कंपनीच्या हजेरीत इश्वरचं नाव नव्हतं. ती दोघं राहायची ती खोलीही वसाहतीबाहेरची, भाड्याची. गेल्या पावसाळ्यात ट्रक दोन महिने दुरुस्तीला उभा होता, तेव्हा पगार आला नव्हता; विमलानं विड्या वळून चूल पेटती ठेवली होती. पहिल्या वर्षी धनीरामनं गावभर सांगितलं, 'पोरगा कंपनीत लागला.' इश्वरनं ते खोडून काढलं नाही. मग ते खोडायचं राहूनच गेलं. "तू कोनाले सांगशीन त मायं तोंड पाहू नको," असं त्यानं विमलाकडून वदवून घेतलं होतं.

बाहेर लक्ष्मणराव विचारत होते, "क्वार्टर भेटलं असन न, इश्वर?"

"हो न, काकाजी."

विमलानं पिठाचे हात धुतले, तांब्या भरला आणि मागच्या दारातून अंगणात जाऊन हाक दिली, "जरा इकडे या. बैल सुटला वाटते."

बैल खुंट्याला होता. इश्वर आला, तिनं त्याच्या हातात तांब्या दिला.

"काय होय?"

"सांगून द्या त्यायले."

"काय सांगू?"

"तुमाले मालूम हाये काय ते. ठेकेदाराचं सांगा. पगाराले बांधी समजून राहिले ते. उद्या ठेकेदारानं ट्रक इकला त? तुमचा हात मोडला त? कोनत्या बांधीत जाऊन उभं राहू आपण?"

इश्वरनं पाणी पिण्याचं नाटकही केलं नाही. "आज सांगू? काकाजीपुढं? सहा वर्षं झाली, बाबा चावडीत छाती काढून बसते. त्याच्या बापाले कोनी बसा म्हणत नव्हतं, मालूम हाये का तुले?"

"मालूम हाये."

"नाई मालूम. मायावरून लोक त्याले आता धनीरामजी म्हणतात."

"म्हणून जमीन सोडता?"

"जमीन जाते कोनाच्या घरी? जागेश्वरकडेच त राहते."

"जागेश्वरकडे राहते. त्याच्या लेकराकडे राहीन. अन आपलं लेकरू काय त्या गोट्यावर नांगर चालवन?"

सपरीतून जागेश्वरचं हसणं ऐकू आलं.

"तू बोलशीन, त..." इश्वर म्हणाला.

"मी तुमचं गुपित नाई सांगत. म्या शब्द देल्ला हाये." विमलानं तांब्या परत घेतला. "पन जमीन बी नाई सोडत."

"मंग करशीन काय?"

तिला तोवर ते माहीत नव्हतं. स्वयंपाकघरात परतल्यावर तिनं रुखमाकडे पाहिलं. रुखमा ताटात वडे रचत होती आणि पुटपुटत होती, "एक तारीख. दर महिन्याले एक तारीख." विमला क्षणभर उभी राहिली. मग तिनं पदर डोक्यावर घेतला आणि सपरीच्या दारात जाऊन उभी राहिली. पानं मांडलेली असताना त्या उंबऱ्यावर सून आजवर उभी राहिली नव्हती.

"मामाजी, एक इचारू का?"

धनीरामनं वर पाहिलं. लक्ष्मणरावांनी घसा खाकरला.

"काय होय?"

"पानं मांडली, मंग उचलत काहून नाई कोनी? मी आयकलं होतं का या घरी धाकटा पहिले उचलते. मामाजीच सांगत होते पोयाच्या सणाले."

"अवो, ते बांध्याची वाटनी रायली त," लक्ष्मणराव म्हणाले.

"मामाजी म्हणते पगार बी बांधीच होय. मंग रिवाज एक पायजे. नाई त उद्या गाव म्हणन, धनीरामजीनं पानं मांडली अन वाटे तोंडानं सांगितले."

इश्वर ताठ बसला होता. त्यानं विमलाकडे पाहिलं नाही.

धनीराम दाढी खाजवू लागला. या माणसाला रिवाजाबद्दल बोललेलं लागायचं. त्याच्या बापानं मालगुजाराकडे सालदारी करून वर्षाच्या ठरलेल्या धानातून उरवत उरवत या तीन बांध्या जमवल्या होत्या. ज्यांच्याकडे मुळात जमीन नव्हती त्यांना जमिनीचे रिवाज अधिक पाळावे लागतात, नाहीतर लोक आठवण करून देतात.

"बोलते त बरोबर," तो शेवटी म्हणाला. "जागेश्वर, उचल."

जागेश्वर हसला. "काय उचलाचं बाबा त्याच्यात? मायं त ठरलंच—"

"उचल म्हणतो न."

जागेश्वर पानांपाशी उकिडवा बसला. एक हात ढेकळांकडे नेला, आणि सवयीनं मागे वळून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. दारात विमलाच्या मागे रुखमा येऊन उभी होती. तिच्या हातात वड्यांचं ताट होतं. तिनं मान हलवली. जागेश्वरला वाटलं आपण चुकीचं पाहिलं. तिनं पुन्हा हलवली आणि हनुवटीनं दगडाकडे दाखवलं.

"खरंच?" जागेश्वर मोठ्यानं म्हणाला.

"घ्या म्हणते न मी!"

जागेश्वरनं दोन्ही हातांनी तो दगड उचलला.

"अरे बैताडा!" मंदाबाई आतून ओरडली. "ठेव खाली! तीन बांध्या सोडून गोटा घेते, अक्कल इकली का तू?"

"आत्याबाई, दादाले जमला त यायले काहून नाई जमनार?" रुखमा म्हणाली. ती मागे सरली नाही. "यायच्या बी अंगात ताकत हाये. आमी बी चिखल्याले जाऊन राहतो. जाऊबाईनं पाहाव आता आभायाकडे."

लक्ष्मणराव मोठ्यानं हसायला लागले. "वा गा धनीराम! तुया घरी वाटनी नाई, दंडारीचा खेळ चालू हाये. असं कधी होते काय?"

धनीराम हसला नाही. तो दगडाकडे पाहत होता.

"काहून नाई होत?" तो म्हणाला. "माया बाप मालगुजाराकडे सालानं होता. मी पोट्टा होतो तवा त्याले ताप आला, दिवाळीपर्यंत उठला नाई. त्याच्या जागी नांगराले कोन उभं होतं? मी. मालगुजारानं धान कमी केलं काय? एक पायली कमी नाई केली. साल घरचं राहते, मानसाचं नाई. बाप पडला त पोरगा उभा राहते, भाऊ पडला त भाऊ." तो इश्वरकडे वळला. "उचललं त उचललं. रिवाज हाये. उद्या तुया सायबाले जाऊन सांग, माया लहाना भाऊ येते माया जागी. तू वावर वाह्य."

"बाबा, मले टरक नाई येत," जागेश्वर म्हणाला.

"मंग खाली उतर खाणीत. पगार एकच असन. नाई का, इश्वर?"

सगळे इश्वरकडे पाहू लागले. जागेश्वर तो दगड छातीशी धरून उभा होता. तो जड होता, तरी ठेवत नव्हता. विमलानं दाराची चौकट धरली. तिला नवऱ्याकडे पाहायचं नव्हतं, तरी तिनं पाहिलं. आपण केलं ते आपल्या डोळ्यांनी पाहायला हवं, असं तिला वाटलं.

"नाई होत तसं, बाबा," इश्वर म्हणाला.

"काहून नाई होत? सायब आयकत नाई काय? मी येतो संग. पाया पडतो त्याच्या."

"सायब नाई हाये."

"मंग कोन हाये?"

"ठेकेदार हाये." इश्वरनं वर पाहिलं. "मी कंपनीत नाई, बाबा. कधीच नव्हतो. टरक ठेकेदाराचा हाये. टरक चालला त पगार, उभा राहिला त नाई. मले क्वार्टर नाई. मी पडलो त माया जागी दुसरा बसवन तो, तवाच्या तवा. जागेश्वर नाई बसवनार. ज्याले टरक येते तो."

बाहेर खुंट्याला बैल पाय आपटत होता.

"सहा वर्षं?" धनीराम म्हणाला.

"हो."

"अन मी चावडीत..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही. लक्ष्मणरावांनी पानाचा तोबरा थुंकायला अंगणात जाणं पसंत केलं. परत यायला त्यांनी बराच वेळ लावला, ही त्यांची त्या दिवसातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट.

जागेश्वरनं दगड पानावर ठेवला नाही. भिंतीशी नेऊन ठेवला. मग भावाच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "दादा, मले त सांगाचं होतं."

"तुले सांगितलं असतं त तू रुखमाले सांगितलं असतं."

"ते बी खरं हाये," जागेश्वर म्हणाला, आणि त्या प्रसंगातही इश्वरच्या तोंडावर हसू आल्यासारखं झालं.

धनीराम उठला. त्याला उठताना कोणी हात दिला असता तर त्यानं झिडकारला असता, म्हणून कोणी दिला नाही. त्यानं ढेकळं बाजूला ठेवली, स्वतः पानं उचलून फेकली, आणि अंगणातून दुसरी दोन पानं तोडून आणली. ढेकळं पुन्हा मांडली. बोडीखालचं एका पानावर, वरचं दुसऱ्या पानावर. मधलं त्यानं हातात घेऊन अंगठ्यानं मधोमध फोडलं आणि एक एक तुकडा दोन्हींकडे ठेवला. हे करायला थोरल्या मुलाला सांगायचं असतं. या खेपेलाही त्यानं सांगितलं नाही.

"उचल," तो जागेश्वरला म्हणाला. "अन आता बायकोकडे पाहू नको."

जागेश्वरनं बोडीखालचं पान उचललं. ते तसंच होणार होतं. पाणी बोडीच्या पाळीतून पहिल्यांदा त्या बांधीत उतरतं आणि शेवटपर्यंत तिथे राहतं. आंधळ्यानंही तेच पान उचललं असतं. उरलेलं इश्वरच्या पुढे आलं. तांबडं मुरमाड ढेकूळ, आणि मधल्याचा अर्धा तुकडा.

इश्वरनं पान हातात घेतलं आणि तसाच दारापर्यंत चालत आला. विमलापुढे थांबला.

"झालं मनासारखं?"

"झालं नाई. पन जमीन हाये."

"तू एक शब्द बी नाई फोडला," तो म्हणाला. "अन सगळं मायाच तोंडून काढून घेतलं."

"हो."

तिला वाटलं तो आणखी काही बोलेल. त्यानं पान तिच्या हातात दिलं आणि बापाच्या मागे अंगणात गेला. धनीराम पाठ करून उभा होता. इश्वर त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला, पुढे काही बोलणं झालं की नाही, ते दारातून दिसलं नाही.

स्वयंपाकघरात कढईतलं तेल जळायला लागलं होतं. मंदाबाईनं कढई उतरवली आणि कोणाकडे न पाहता म्हणाली, "विमला, वडे नेऊन दे त्यायले. थंडे झाले." मग आपण काय म्हणालो ते लक्षात आल्यासारखी ती चुलीतली लाकडं मागे ओढू लागली.

विमलानं ताटासाठी हात पुढे केला. ताट रुखमाच्या हातात होतं आणि ती ते सोडत नव्हती.

"तुले मालूम होतं," रुखमा हळू आवाजात म्हणाली.

"काय?"

"का मी गोटा उचलाले लावन. म्हणून त उठली तू इथून. मायं बोलनं आयकून."

विमला खोटं बोलू शकली असती. "हो," ती म्हणाली.

"अन ठेकेदाराचं बी मालूम होतं. चिखल्याले जातो म्हणून मी सपरीत ओरडली, सारे हासले. मंग मले काहून नाई सांगितलं?"

"यायले शब्द देल्ला होता."

"अन मी कोन वो? मी कोनाच्या शब्दात बसते?"

विमलानं ताटावरचा हात काढला नाही. दोघींच्या मध्ये वडे होते.

"वरच्या बांधीत पाणी टिकत नाई," रुखमा म्हणाली. "दरसाल धुरा फुटते, कडेचा बांध वाहून जाते. हेच बांधत होते, म्या माती वाह्यली डोक्यावर. आता आमी येनार नाई, सांगून ठेवतो."

"नका येऊ. मी बांधन."

"तू? येते काय तुले धुरा बांधता?"

"नाई येत."

"रोवना येते?"

"नाई येत."

"मंग?"

"आखाडात येते मी चिखल्यावरून. तू आपल्या बांधीत रोवत राह्यशीन, मी धुऱ्यावर बसून पाहीन. सांगू नको काई, पाहू दे फक्त."

रुखमानं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "माया धुऱ्यावर कोनी बसून राह्यलेलं मले चालत नाई," ती म्हणाली आणि ताट सोडलं. "चिखलात उतराव लागन. लुगडं खराब होईन तुयं."

"होऊ दे," विमला म्हणाली, आणि वडे घेऊन सपरीत गेली.